साधू का बोलला नाही

प्रश्न विचारायची प्रेमलाबाईंना भारी हौस. नगरच्या अध्यापन विद्यालयातून बाभूळवाडीच्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा ट्रंकेत चार साड्या होत्या आणि डोक्यात ही हौस. धडा वाचून दाखवायचा, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे, गाईडातली उत्तरं घोकून घ्यायची, याला शिकवणं म्हणायलाच त्या तयार नव्हत्या. धडा मुलाच्या घरापर्यंत पोचला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग एक धडा खरोखरच घरापर्यंत पोचला, आणि बाईंची झोप उडाली.

बाभूळवाडी शनिशिंगणापूरपासून दोन कोसांवर. शिंगणापूरच्या देवाची आण या गावानंही पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली. घरांना चौकटी होत्या, दारं नव्हती. पेटीला कुलूप नाही, कोठीला कडी नाही. कुत्रं आत शिरू नये म्हणून रात्री चौकटीला एक फळी टेकवायची, एवढाच काय तो बंदोबस्त. गावात चोरी होत नाही, आणि कुणी केलीच तर त्याचं काही खरं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिल्या आठवड्यात बाईंनी आपल्या खोलीला कडी मागितली होती. घरमालकीण हसून हसून बेजार झाली आणि ती गोष्ट पुढं महिनाभर विहिरीवर पुरली.

साल त्र्याहत्तर. दुष्काळ सरून पहिला पाऊसकाळ बरा झाला होता. बाजरी कमरेला लागली होती. तरी दुष्काळी कामावर खडी फोडून बायकांच्या तळहातांना पडलेले घट्टे अजून गेले नव्हते, आणि रेशनवर मिळालेल्या लाल मिलोचं, त्या परदेशी ज्वारीचं, नाव काढलं तरी माणसं तोंड वाकडं करत.

शाळा चौथीपर्यंत आणि शिक्षक दोन. पहिली-दुसरी हेडमास्तर आसाराम गुरुजींकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. दोन्ही इयत्ता मिळून एकतीस पोरं एका खोलीत. गुरुजी निवृत्तीला आलेले, पाठांतराचे भक्त. बाईंच्या वर्गातला गलका ऐकून ते कधी कधी चौकटीत येऊन उभे राहत, हसत, आणि काही न बोलता परत जात. ते हसणं बाईंना लागायचं. पुढच्या महिन्यात विस्तार अधिकारी तपासणीला येणार होते. त्यांच्यासमोर नमुना पाठ घेऊन गुरुजींना एकदाचं दाखवून द्यायचं, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. रोजच्या पाठाचं टाचण त्या सुबक अक्षरात लिहीत. त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं एक जादा रकाना आखला होता: ‘मुलांच्या अनुभवातील उदाहरण’. बरेचदा तो रिकामाच राही.

चौथीच्या पुस्तकात एक धडा होता. रानातल्या झोपडीत एक साधू राहतो. तो यात्रेला गेलेला असताना एक मेंढपाळ वादळात सापडून झोपडीत शिरतो. कडेवर भुकेलं मूल. मडक्यात साधूचे तांदूळ असतात, ते शिजवून तो मुलाला घालतो. महिन्याभरानं येऊन मडकं परत भरून ठेवतो, पण नाचणीनं, कारण त्याच्याकडे तेवढीच असते. साधू यात्रेहून येतो, मडक्यात हात घालतो, नाचणी बघून हसतो. गावातले लोक विचारतात, महाराज, सगळं जागच्या जागी आहे ना? साधू म्हणतो, आहे. धडा संपला. खाली प्रश्न, साधू का हसला? गाईडात उत्तर, ‘मेंढपाळाचा प्रामाणिकपणा पाहून साधूला आनंद झाला, म्हणून तो हसला.’

चौथीच्या पोरांनी हे उत्तर एका सुरात म्हणून दाखवलं.

“हे झालं गाईडातलं,” बाई म्हणाल्या. “आता मला सांगा, साधू का बोलला नाही? लोकांनी विचारलं, तरी त्यानं का सांगितलं नाही?”

मागून एक जण म्हणाला, “त्याचं मौन आसंल, बाई.” पोरं फिदीफिदी हसली.

तेवढ्यात भिंतीकडेची चांगुणा उठून उभी राहिली. बाई बघतच राहिल्या. सव्वा वर्षात या पोरीच्या तोंडून ‘हजर, बाई’ यापलीकडे शब्द निघाला नव्हता. वाचायला उठवलं तर ती इतकं हळू वाची की शेजारणीलाही ऐकू जाऊ नये. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव केव्हाच बाजूला काढून ठेवलं होतं.

“बोलला आसता तर ती चोरी झाली आसती, बाई,” चांगुणा म्हणाली.

हे उत्तर गाईडात नव्हतं, पुस्तकात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाईंच्या टाचणातही नव्हतं. त्यांनी ‘साधू क्षमाशील होता’ एवढंच लिहून आणलं होतं. दहा वर्षांची पोर धड्याच्या तळाशी जाऊन आली होती. बाईंना इतका आनंद झाला की त्या टेबल सोडून तिच्यापाशी गेल्या.

“तुला कसं गं कळलं हे?”

“आमच्या घरी बी तसंच झालंय. दुष्काळात. धाकट्याला ताप हुता. आईनं पीठ आनलं, त्या घरात कुनी न्हवतं तवा. मग मागनं भरून ठिवलं. कुनी काय बोललं न्हाई.”

इथं थांबायचं होतं. पुढं कित्येक दिवस बाई स्वतःला हेच बजावत राहिल्या, की इथं थांबायचं होतं. साधू का बोलला नाही ते पोरीनं आताच तर सांगितलं होतं. पण बाई ते उत्तर ऐकून हरखल्या होत्या, त्यांनी ते समजून घेतलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे टाचणातला रिकामा रकाना होता आणि चौकटीत उभे राहून हसणारे गुरुजी होते.

“कुणाच्या घरातून आणलं होतं गं?” बाईंनी विचारलं.

चांगुणा अडखळली. तिनं एकदा इतर पोरांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. बाई हसत होत्या, मान हलवून तिला धीर देत होत्या.

“बनुमावशीच्या,” ती म्हणाली.

“शाब्बास! टाळ्या वाजवा रे हिच्यासाठी.”

टाळ्या वाजल्या, पण कशाबशा. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी टाचणातला रकाना भरून काढला: ‘विद्यार्थिनी चांगुणा हिने स्वतःच्या आईचा अनुभव सांगितला.’ आणि वही सहीसाठी गुरुजींच्या टेबलावर नेऊन ठेवली.

एकतीस पोरं एकतीस घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पाण्याला निघाल्या तर वरच्या गल्लीत बनुबाईच्या चौकटीला फळी लावलेली. उन्हं चांगली अंगणात उतरली होती. घरात माणूस, चुलीचा धूर बाहेर येतोय, आणि चौकटीला फळी. बाईंना आधी काही उमगलंच नाही. पलीकडच्या घराला फळी, त्याच्या पलीकडच्याही. मग समोरून रतनबाई आली, चांगुणाची आई. डोक्यावर घागर, नजर खाली. विहिरीवरच्या बायका तिच्याशी भांडल्या नाहीत, तिला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. फक्त आपापल्या घागरी उचलून बाजूला झाल्या. ती पाणी शेंदून निघून गेली, तेव्हा त्या पुन्हा जवळ आल्या.

“तुमच्या वर्गातच निघालं म्हनं हे, बाई?” घरमालकिणीनं विचारलं.

बाई कळशी न भरताच परत फिरल्या.

तिसऱ्या दिवसापासून चांगुणा शाळेत यायची बंद झाली. हजेरी घेताना तिचं नाव आलं की वर्ग टक लावून बाईंकडे बघे. शाळा सुटल्यावर आसाराम गुरुजींनी त्यांना थांबवून घेतलं. टाचणवही त्यांच्यापुढे होती.

“पोर आपणहून बोलली का, बाई?”

“हो,” बाई म्हणाल्या. “आपणहून उभी राहिली.”

खोटं असं नव्हतंच ते. उभी ती आपणहूनच राहिली होती. पण पुढचा प्रश्न कुणी विचारला ते बाईंनी गिळून टाकलं. गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

“मला तुम्ही सगळे जुनाट म्हणता. असेन. पण पाठांतरात कुणाचं घर उघडं पडत नाही, बाई.” एवढं बोलून त्यांनी वही कपाटात ठेवून दिली. त्या पानावर सही केलेली नव्हती.

बाईंना त्यांचा राग आला आणि त्याच वेळी स्वतःची इतकी शरम वाटली की वर बघवेना.

शेवटी गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या रतनबाईकडे गेल्या. रतनबाई अंगणात बसून कडबा तोडत होती. नवरा कारभारी देवळालीकडे एका उसाच्या मळ्यावर पाणी धरायला होता, दिवाळीशिवाय यायचा नव्हता. त्याच्या कानावर अजून काही गेलं नव्हतं. चांगुणा आतल्या अंगाला धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. बाईंना बघून तिचा चेहरा उजळला. आईनं वळून पाहिलं तशी तिनं मान खाली घातली.

“बसा, बाई,” रतनबाई म्हणाली. पोतं झटकून अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. बाईंना वाटलं होतं ती शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“रतनबाई, माझं चुकलं.”

“पोरगी लई खूश हुती त्या दिशी,” रतनबाई म्हणाली. “पळत आली घरी. म्हनली, आये, बाईनी माज्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. म्या म्हनलं, कशाबद्दल गं? मग तिनं सांगितलं.”

बाईंनी तांब्या खाली ठेवला.

“मारलं न्हाई म्या तिला. तिचं काय चुकलं? बाई इचारत्यात तर पोरगी सांगनारच. पर मी तुमाला एक इचारू का? ‘कुनाच्या घरातनं’ हे कशाला इचारलं? धड्यात ते हुतं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मंग?”

विस्तार अधिकारी, नमुना पाठ, रकाना, गुरुजींचं हसणं, यातलं काय या बाईला सांगणार? बाईंनी फक्त विचारलं, “बनुबाईंना मागितलं असतं तर दिलं नसतं का हो त्यांनी?”

“दिलं आसतं की. म्हनूनच मागितलं न्हाई. त्या वक्ताला तिच्या घरात खानारी सात तोंडं. मी पदर पसरला आसता तर तिला न्हाई म्हनता आलं नसतं. लेकरांच्या तोंडचं काढून तिनं मला दिलं आसतं. त्यापरीस दोन मापटी गुमान उचलली, अन् मिलो मिळाल्याबरोबर दळून तिच्या डब्यात भरली.” रतनबाईनं कडब्याची पेंढी बाजूला सारली. “उद्या सांजच्याला शाळेत गाव बसनार हाय. तुमाला बी बोलावतील. सरपंच पुंजारामबापू म्हनले, बाईच्या तोंडून ऐकू, पोर काय म्हनली ते. खरं निघालं तर शनवारी देवाम्होरं उभं ऱ्हाऊन कबूल करायचं. मंग झालंच. हे घर चोराचं. पोराला पोरगी कोन देनार, पोरीला कोन करून घेनार? चांगुणाला शेवगावला माज्या भावाकडं धाडते. शेरडं राखंल.”

“आणि शाळा?”

“झाली की शाळा,” रतनबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते बाईंना जास्त झोंबलं.

तिथून बाई तडक बनुबाईकडे गेल्या. फळीबाहेर उभं राहून हाक मारली. बनुबाईनं फळी सरकवून त्यांना आत घेतलं आणि परत जागेवर लावली. पन्नाशीची, थोराड हाडाची बाई. चुलीपुढं बसून ती काटक्या मोडू लागली.

“मावशी, रतनबाईंनी भरून ठेवलं होतं परत. तुम्हाला खोटं वाटत असेल तर—”

“मला ठाऊक हुतं,” बनुबाई म्हणाली.

“काय?”

“सगळंच. माज्या डब्यात शाळूचं पीठ, पांढरं फेक. एक दिस दोन मापटी उनं दिसलं. पुढं आठ दिसांनी बगते तर वर लाल मिलोचा थर. आमच्या घरात मिलो कदी आलाच न्हाई, मालकास्नी त्या वासानं उलटी व्हायची. मंग लाल पीठ कुठनं आलं? ह्या गल्लीत मिलो कोन खातंय ते मला ठाऊक न्हाई व्हय? अन् तिच्या पोराचा ताप बी ठाऊक हुता. म्या हात घालून दोन्ही पिठं कालवली अन् भाकरी थापल्या. वरीस होत आलं. ती काय बोलली न्हाई, म्या काय बोलले न्हाई.”

बोलला असता तर ती चोरी झाली असती. दोन अडाणी बायांनी जे वर्षभर सांभाळलं, दहा वर्षांच्या पोरीला जे कळलं, ते आपल्याला पदविका घेऊन कळलं नाही, हे बाईंना त्या चुलीपुढं बसून कळलं. त्यांना रडू फुटलं.

“मग फळी का लावलीत, मावशी?”

“न लावून कसं चालंल? गाव बगतंय. जिचं गेलं तिनंच फळी न्हाई लावली, तर म्हनत्याल हिला आधीच ठाऊक हुतं. ठाऊक आसून गप बसली, मंजी देवाची गुन्हेगार ही बी. मला बी नातवंडं हायती, बाई.”

“तुम्ही सांगा ना, की पीठ तुम्हीच दिलं होतं म्हणून.”

“पोरीनं ‘घरात कुनी न्हवतं तवा’ म्हनल्यावर? आता माज्या बोलन्यानं काय व्हत न्हाई. झालं तर तुमच्या बोलन्यानं हुईल.” बनुबाईनं आवाज उतरवला. “तुमी उद्या म्हना, पोरीला धडा उमगलाच न्हाई. पुस्तकातलं अन् घरातलं तिनं एकच केलं. शिकलेल्या मानसाचं गाव ऐकतं.”

“पण मावशी, सबंध वर्गात तिला एकटीलाच तो उमगला होता.”

“ते आता कुनाला सांगताय?” बनुबाई म्हणाली.

शुक्रवारी दिवस कलताना शाळेच्या ओसरीवर गाव बसलं. पुरुष सतरंजीवर, बायका खाली आवारात. पुंजारामबापू मध्ये बसले होते. भला माणूस, पण देवाच्या बाबतीत करडा. रतनबाई खांबाशी उभी, चांगुणा तिच्या लुगड्याला धरून. आसाराम गुरुजी टेबलाशी बसले होते आणि त्यांच्या बगलेत टाचणवही होती. बाईंच्याच सुबक अक्षरात सगळं त्यात लिहिलेलं होतं.

“बोला, बाई,” पुंजारामबापू म्हणाले. “पोर काय म्हनली?”

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी आधी त्या पोरीकडे बघायचं टाळलं.

“बापू, मी साधूचा धडा शिकवत होते. त्यात एक मेंढपाळ दुसऱ्याच्या घरातलं धान्य नेतो आणि परत भरून ठेवतो. चांगुणानं तीच गोष्ट आपल्या घरातली म्हणून सांगितली. तिला धडा समजला नाही. वाचलेलं आणि घडलेलं, यातला फरक तिला करता आला नाही. चूक माझी. मी नीट शिकवलं नाही, आणि कुणाच्या घरातून, असं मीच तिला विचारलं. मी विचारल्यावर तोंडाला आलं ते नाव तिनं सांगितलं.”

आवारात कुजबुज झाली. बापूंनी मिशीवरून हात फिरवला.

“आसं म्हनता? मंग इचारा बरं तिला आमच्यासमोर. बगू धडा कळलाय का न्हाई.”

हे बाईंनी धरलंच नव्हतं. चांगुणाला पुढं आणून उभं केलं. पोरगी भ्याली नव्हती. बाई प्रश्न विचारणार आणि आपल्याला उत्तर येतं, एवढंच तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

“चांगुणा,” बाईंनी विचारलं, “साधू का बोलला नाही?”

“बोलला आसता तर ती चोरी झाली आसती,” चांगुणा स्पष्ट म्हणाली. इतक्या मोठ्यानं ती वर्गातही बोलली नव्हती.

खालच्या बायकांत बनुबाई बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला.

“चूक,” बाई म्हणाल्या. “बघा बापू. असं पुस्तकात कुठंही नाही.”

“गुरुजी, हाय का तसं?”

आसाराम गुरुजींनी पुस्तक आणि गाईड दोन्ही उघडली. पान सापडायला त्यांना जरुरीपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्यांनी गाईडातलं उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “मेंढपाळाचा प्रामाणिकपणा पाहून साधूला आनंद झाला.” पुस्तक मिटलं. “पोर म्हणते तसं वाक्य पुस्तकात नाही.” बगलेतली वही त्यांनी तशीच घट्ट धरून ठेवली होती. तिच्याबद्दल ते त्या दिवशीही बोलले नाहीत आणि पुढंही कधी बोलले नाहीत.

गावाला तेवढंच हवं होतं. शनिवारी देवापुढं कुणाला उभं करायची हौस कुणालाच नव्हती. आवारात हसण्याची लाट उठली. एक म्हातारा म्हणाला, पुस्तकानं पोरांचं डोस्कं फिरतंया. पुंजारामबापू हलके झाल्यासारखे उठले. “मंग देवाला कशाला तरास? जा गं रतनबाई, घरी जा. अन् बाई, तुमी मनाला लावून घिऊ नका. येखादं पोर मठ्ठच आसतंय.”

बाईंनी मान हलवली. नुसती मान हलवली, पण ती हलवताना त्यांना स्वतःची किळस आली. आपण एक घर वाचवलं असं त्या मनाला सांगून बघत होत्या, आणि मन काही ऐकत नव्हतं. चांगुणा अजून तिथंच उभी होती. तिनं बापूंकडे पाहिलं, हसणाऱ्या माणसांकडे पाहिलं, मग आईकडे. रतनबाईनं तिला जवळ घेतलं, पण तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. संध्याकाळी वरच्या गल्लीतल्या फळ्या निघाल्या. बनुबाईनं रतनबाईकडून विस्तव मागून नेला, सगळ्यांना दिसेल असा.

सोमवारी चांगुणा शाळेत आली. पोरांनी तिला नवं नाव ठेवलं होतं, ते तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडेला आपल्या जागेवर बसली. बाईंनी हजेरी घेतली. ती ‘हजर, बाई’ म्हणाली, पूर्वीसारखीच, ऐकू येईल न येईल असं. बाईंनी गणित घ्यायचं ठरवलं होतं. मराठीचं पुस्तक त्यांना हातात धरवत नव्हतं.

तेवढ्यात चांगुणा उठली आणि पुस्तक घेऊन टेबलापाशी आली.

“बाई, मला तो धडा कळला न्हाई ना?”

नाही गं, तुलाच कळला, तुझ्याइतका मलाही कळला नव्हता, हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले. समोर बाकीची तीस पोरं कान टवकारून बसली होती. शाळा सुटल्यावर ती तीस घरी जाणार होती.

“नाही,” बाई म्हणाल्या. “नाही कळला तुला.”

“आई बी तसंच म्हनली.” चांगुणानं जरा विचार केला. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण बाईंवर तिचा अविश्वास नव्हता, तो कधीच नव्हता. तिनं पुस्तक उघडलं, साधूचं पान काढलं आणि बाईंच्या पुढं सरकवलं.

“मंग परत शिकवा ना, बाई. आता मी नीट ऐकते.”